संगणकावर चालते, फोनवर का नाही?

बदलापूर गावातल्या बारावीच्या एका विद्यार्थ्याने लिनक्स संगणकावर 'सी' भाषेतला आपला प्रोग्राम अँड्रॉइड फोनसाठी बांधायला घेतला. पडद्यावर चुकांच्या वीसेक ओळी उमटल्या. त्याने शेवटची ओळ वाचली आणि प्रोग्रामच नव्याने लिहायला बसला. चूक प्रोग्राममध्ये नव्हतीच.

त्याच्या संगणकातला प्रोसेसर इंटेल घराण्याचा, फोनमधला आर्म घराण्याचा. दोघांची यंत्रभाषा वेगळी. म्हणून इथे बसून तिथली भाषा लिहिणारा क्रॉस-कंपायलर लागतो. कंपायलर एकेका फाइलचे भाषांतर करतो आणि लिंकर ते तुकडे तयार लायब्ररींशी जोडतो. (सी शिकवताना आपण लिंकरचे नाव बहुधा काढतच नाही.) लिंकर 'इनकम्पॅटिबल' म्हणू लागला, की त्याच्या हाती परक्या घराण्यातली लायब्ररी लागली आहे असे समजावे. लिनक्सवर 'फाइल' ही आज्ञा देऊन खात्री करता येते. ती अशा फाइलच्या १९व्या-२०व्या बाइटमधला यंत्रक्रमांक वाचते: ६४ बिटी इंटेलचा ६२, ६४ बिटी आर्मचा १८३.

घराणे जुळले तरी अडू शकते. अँड्रॉइडची सी लायब्ररी 'बायोनिक', नेहमीच्या लिनक्सवर बहुधा 'जीलिबसी'. शिवाय अँड्रॉइडच्या एनडीके या साधनसंचातून २०१८ साली जीसीसी कंपायलर गेला, क्लँग उरला. जुन्या पुस्तकातली आज्ञा तिथे चालत नाही.

चुका वरून वाचाव्यात. खालच्या बहुधा पहिलीचीच पिल्ले असतात. या मुलाच्या पहिल्या ओळीत संगणकाच्या स्वतःच्या लायब्ररींचा मार्ग दिसत होता. तो काढताच लिंकरला एनडीकेतली लायब्ररी मिळाली आणि सगळ्या ओळी गेल्या.