बाप्तिस्म्यानंतरची वर्षं

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा बाप्तिस्म्याच्या तारखेपाशी अडते. फूस कोणी लावली, घरच्यांनी काय केलं, इतकंच आपल्याला हवं असतं. मराठी ख्रिस्ती माणसांची चरित्रं-आत्मचरित्रं वाचली की मात्र दिसतं, जगण्याचा अर्थ त्या दिवशी कुणाच्याच हाती लागला नव्हता. तो पुढच्या वर्षांत, कामातून आणि बरेचदा मिशनशी भांडून सापडला.

पंडिता रमाबाईंचंच पाहा. आईवडील दुष्काळात गेले, 1882 मध्ये नवरा गेला, पदरी लहानगी मनोरमा. 1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण बाई कोणाच्या मुठीत मावणाऱ्या नव्हत्या. मांसाहाराला त्यांनी नकार दिला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट, असा त्यांचा सवाल होता. तिथल्या गुरू सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे: गुरूने आज्ञापालन शिकवावं आणि शिष्येने प्रत्येक सिद्धान्ताला प्रमाण मागावं! पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं, की बाप्तिस्म्याने धर्म मिळाला, ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षं लागली.

आणि भेटला तो कामाच्या रगाड्यात. 1889 मध्ये मुंबईत त्यांचं विधवांसाठीचं शारदासदन निघालं, पुढच्याच वर्षी पुण्यात आलं आणि धर्मप्रसाराच्या आरोपांनी गाजलं. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका गोळा करून आणल्या आणि केडगावचं मुक्ती सदन भरून गेलं. तिथल्या छापखान्यात बायका खिळे जुळवत. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, सगळं त्यांच्याच हाती. हे चालू असताना रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल उतरवत होत्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या.

कवी रेव्हरंड टिळकांची तऱ्हा निराळी. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेताना त्यांनी संसार पणाला लावला. मात्र वारकऱ्यांचं बोट सोडलं नाही. अभंग, भजन, कीर्तन सगळं त्यांनी ख्रिस्ताच्या दारी आणलं. मराठी मंडळींनी साहेबी चालीवर का गावं, हा त्यांचा रोकडा मुद्दा होता. अखेर 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोन वर्षांत टिळक वारले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही, पण कल्पना धाडसाचीच होती.

माझ्या मते या साऱ्यांत अवघड वाट टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची. टिळकांना ग्रंथांनी ओढलं. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आधी आला तो विरह आणि सोवळ्याचा काच. माणसामाणसांतली शिवाशीव देवाने केलेली नाही, हे स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा त्या हलल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं, तेही त्यांनीच पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, हे विसरू नये.

ही सगळी लिहिती माणसं, म्हणून आपल्याला ठाऊक. नगर जिल्ह्यातल्या गावोगावी महार-मांग कुटुंबं ख्रिस्ती झाली. त्यांना धर्माने शाळा आणि मान वर करून चालायचं बळ दिलं. पण चर्चमध्येही जात पुरती सुटली नाही. त्यांच्या हातचं लेखन फार थोडं, म्हणून कोणताही आढावा, हासुद्धा, एका बाजूला कललेलाच असतो.

अलीकडचं नाव फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. वसईच्या हिरवाईसाठी झुंडशाहीविरुद्ध उभा राहिलेला हा धर्मगुरू. ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही भूषवलं. तेव्हाही काहींनी धर्मावरून विरोध केलाच. 2024 मध्ये ते गेले.

वाचकाने सुरुवात वादाच्या पुस्तकांनी करू नये. आधी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ घ्यावं, आणि संक्षिप्त नव्हे, संपूर्ण.