गिळला, पण पचला नाही

मुलांनो, तुमच्या ओळखीत कोणाला क्षयरोग, म्हणजे टीबी, झाला असेल, तर एक गोष्ट तुमच्या कानांवर आली असेल. औषध सुरू झाले की काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप उतरतो, भूक लागू लागते. रोग्याला वाटते, आपण बरे झालो. तरीही डॉक्टर बजावतात, "गोळ्या सहा महिने घ्यायच्याच!" घसा सुजला तर पाच-सात दिवसांत औषध संपते. मग येथेच सहा महिने का? पुष्कळ रोगी हा प्रश्न स्वतःशी विचारतात आणि बरे वाटले की गोळ्या सोडून देतात. पुढे आजार उलटतो. त्या वेळी पूर्वीची औषधे कधी कधी लागूही पडत नाहीत. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच शरीरातील एका पेशीच्या पोटात दडलेले आहे.

ही पेशी आपली पहारेकरी आहे. तिची ओळख पटली ती १८८२ साली. एली मेचनिकॉफ नावाचे रशियन शास्त्रज्ञ तेव्हा सिसिली बेटावरील मेसिना या गावी राहत होते. समुद्रातील ताराමाशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. मेचनिकॉफ यांनी अशा एका पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो काय, पिल्लाच्या शरीरातील फिरत्या पेशी काट्याभोवती दाटीवाटीने जमल्या होत्या! शरीरात परकी वस्तू शिरली की तिला घेरून गिळून टाकणाऱ्या पेशी असतात, हे यावरून त्यांनी ओळखले. अशा पेशींना आपण भक्षक पेशी म्हणू. या कामाबद्दल मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

योगायोग असा, की त्याच वर्षी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयरोगाचा जंतू जगापुढे आणला. एकाच वर्षी पहारेकरीही सापडला आणि चोरही सापडला. पण त्या दोघांची गाठ पडल्यावर नेमके काय होते, हे कळायला आणखी जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

आधी या चोराकडे नीट पाहू. क्षयाचा जंतू काडीसारखा असतो. त्याची लांबी मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन ते चार पट, म्हणजे एका मिलीमीटरमध्ये सुमारे तीनशे जंतू एकापुढे एक मावतील. त्याच्या अंगावर मेणासारख्या पदार्थाचे जाड वेष्टन असते. आणि तो फार सावकाश वाढतो. आपल्या आतड्यांतील काही जंतू, पोषक द्रवात ठेवले तर, वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी सुमारे वीस तास लागतात. हा त्याचा आळस नव्हे. घाई न करणे त्याला परवडते.

रोगी खोकला की जंतू असलेले अगदी बारीक तुषार हवेत तरंगत राहतात. आपल्या श्वासाबरोबर ते फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे भक्षक पेशी टपूनच असतात. जंतू दिसताच पेशी त्याला वेढून आत ओढते. आत गेलेला जंतू एका लहानशा पिशवीत बंद होतो. पेशीत दुसऱ्याही पिशव्या असतात. त्यांत आम्ल आणि पाचक रस भरलेले असतात. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना लयकारिका म्हणतात. लयकारिका जंतूच्या पिशवीला येऊन चिकटते, दोन्ही पिशव्या एक होतात आणि पाचक रस जंतूवर ओतला जातो. बहुतेक जंतूंचा कारभार येथेच आटोपतो.

क्षयाच्या जंतूचा मात्र आटोपत नाही. का बरे? लंडनमधील आर्मस्ट्राँग आणि फिलिप डार्सी हार्ट या दोघांनी याचा छडा लावला. त्यांनी उंदराच्या भक्षक पेशी काचपात्रात वाढवल्या. मग एक छान युक्ती केली. लोह असलेले एक प्रथिन त्यांनी त्या पेशींना दिले. ते लयकारिकांत जाऊन साठले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लोहाचे काळे ठिपके दिसतात. म्हणजे जेथे काळे ठिपके, तेथे पाचक रस पोहोचला असे समजायचे. नंतर त्यांनी पेशींना क्षयाचे जंतू गिळू दिले. मेलेल्या जंतूंच्या पिशव्यांत काळे ठिपके भरलेले दिसले. जिवंत जंतूंच्या पिशव्या मात्र बहुतेक कोऱ्याच होत्या! लयकारिका आसपास होत्या, पण मिसळत नव्हत्या. जिवंत जंतू आपल्या पिशवीचे दार आतून लावून घेत होता. हा शोध १९७१ साली प्रसिद्ध झाला. हार्ट तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. त्या वयात माणसे आरामखुर्ची शोधतात. हे गृहस्थ पेशीतील ठिपके मोजत होते.

चार वर्षांनी, १९७५ मध्ये, त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. या वेळी त्यांनी जंतूंना आधी त्यांच्याविरुद्धच्या प्रतिद्रव्यांत भिजवले आणि मग पेशींना दिले. आता लयकारिका येऊन मिसळू लागल्या. तुम्हांला वाटेल, जंतू मेले असतील. पण नाही! पाचक रसात बुडूनही पुष्कळ जंतू जिवंत राहिले. मेणाचे वेष्टन अंगावर असल्यावर असा जंतू सहजासहजी पचत नाही. एक युक्ती फसली तर दुसरी तयार, असा हा प्राणी आहे.

दार लावायची युक्ती आज आपल्याला बरीच समजली आहे. टपालात पाकीट योग्य ठिकाणी जावे म्हणून त्यावर पत्ता लिहितात ना? तसेच पेशी गिळलेल्या पिशवीवर रासायनिक खूण करते. ती खूण पाहून पुढची कामे होतात. क्षयाचा जंतू असे विकर सोडतो, की ते ही खूणच पुसून टाकतात. पत्ता नसलेले पाकीट जसे पडून राहते, तशी ती पिशवी पडून राहते. तिच्यात आम्लही पुरेसे वाढत नाही. जंतू आत बसून पेशीतील चरबी आणि कोलेस्टेरॉल खातो. पहारेकऱ्याच्याच घरात मुक्काम आणि त्याच्याच ताटात जेवण!

शरीरही स्वस्थ बसत नाही. टी पेशी नावाच्या दुसऱ्या पेशी येतात आणि भक्षक पेशींना रासायनिक निरोप देतात. निरोप मिळाला की भक्षक पेशींना जोर चढतो आणि बरेच जंतू मरतात. उरलेल्यांभोवती पेशींचे कडे पडते व एक छोटी गाठ तयार होते. गाठीत प्राणवायू कमी असतो. तेथे जंतू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. वर्षानुवर्षे झोपून राहतात. अशा माणसाला काही त्रास नसतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला रोग होत नाही. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना हा जंतू कधी ना कधी शिवला असावा असा अंदाज आहे. त्यांच्यापैकी शंभरांत पाच ते दहा जणांनाच आयुष्यात पुढे रोग होतो. कुपोषण, मधुमेह किंवा एचआयव्ही यांमुळे शरीराची ताकद घटली, तर कडे ढिले पडते आणि जंतू जागे होतात.

आता गोळ्यांकडे वळू. भारतात साध्या क्षयरोगावर पहिले दोन महिने चार औषधे देतात आणि पुढचे चार महिने तीन. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. आयसोनियाझिड हे औषध जंतूला मेणाचे वेष्टन तयार करू देत नाही. पण वेष्टन तयार करतो तो वाढणारा जंतू. झोपलेल्याला त्याची फारशी झळ लागत नाही. पायराझिनामाइड आम्ल असलेल्या जागी चांगले काम करते, म्हणून इतर औषधांच्या तडाख्यातून सुटलेले काही जंतू त्याच्या तावडीत सापडतात. रिफाम्पिसिन हे अधूनमधून जागे होणाऱ्यांनाही गाठते. हे औषध घेणाऱ्याची लघवी नारिंगी होते. काही रोगी तेवढ्याने घाबरून गोळ्या थांबवतात. तो केवळ औषधाचा रंग असतो.

पहिल्या काही आठवड्यांत मरतात ते वेगाने वाढणारे जंतू. खोकला आणि ताप त्यांच्यामुळेच असतो, म्हणून रोग्याला लवकर बरे वाटते. दोन महिने झाले की थुंकी पुन्हा तपासतात. तीत एकही जंतू दिसला नाही, तरी पुढचे चार महिने गोळ्या चालूच ठेवतात. पेशींच्या पिशव्यांत आणि बंद गाठींत बसलेले जंतू थुंकीत उतरत नाहीत. त्यांच्यापैकी एखादा जागा होईल, तेव्हा रोग्याच्या रक्तात औषध असावे लागते.