मोनोशोनकाठचा कागदी

लिंकन ड्राइव्हवरून गाड्या सुसाट चालल्या आहेत. फिलाडेल्फियाच्या वायव्येला, विसाहिकनच्या झाडीत शिरणारा हा वळणावळणाचा रस्ता. त्याला खेटूनच दगडी भिंतींची मोजकी जुनी घरं उभी आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी मोनोशोन ओढा वाहतो. वाहतो म्हणायचं इतकंच; पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला तर कोरड्या कपड्यांनी पलीकडे जाता येईल.

‘‘एवढ्याशा पाण्यावर गिरणी चालायची?’’ एक बाई विचारते.

‘‘याच पाण्यावर चालायची. आणि याच पाण्यानं ती वाहूनही गेली,’’ आम्हाला फिरवणारी स्वयंसेविका म्हणते आणि कोठाराकडे वळते.

ती गिरणी आता नाही. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींमधली ती पहिली कागदगिरणी. 1690 साली ती उभी केली विल्हेल्म रिटिंगहाउझेन नावाच्या कारागिरानं. रूर नदीकाठच्या म्यूलहाइम गावाजवळ 1644 साली जन्मलेला हा माणूस पुढे हॉलंडात गेला. 1678 साली त्यानं आम्सटरडॅमचं नागरिकत्व घेतलं आणि दहा वर्षांनी बायकामुलांसह समुद्र ओलांडून इथं, जर्मनटाउनला आला. इंग्रजांच्या जिभेला त्याचं आडनाव पेलेना, म्हणून तो विल्यम रिटनहाऊस झाला. फिलाडेल्फियात विल्यम ब्रॅडफर्डचा छापखाना चालू होता, पण कागद विलायतेहून जहाजानं यायचा. ब्रॅडफर्डला कागद हवा होता, रिटनहाऊसला तो करता येत होता. आणखी काही पैसेवाले भागीदार मिळाले, सॅम्युअल कार्पेंटरनं ओढ्याकाठची जमीन दिली आणि काम सुरू झालं.

कोठारात ओल्या कापडासारखा वास आहे. मधोमध दुधी पाण्यानं भरलेली टाकी. पाण्यात लगदा इतका पातळ की बोटांना नीट जाणवतही नाही. आजचा लगदा कापसाचा, तयार आणलेला. रिटनहाऊसच्या वेळी मात्र सगळी मदार जुन्या लिननच्या कपड्यांवर, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या चिंध्यांवर. त्या निवडायच्या, भिजवून कुजवायच्या, मग पाणचक्कीवर उचलल्या जाणाऱ्या लाकडी मुसळांखाली तासन्‌तास कांडायच्या. लाकडाच्या लगद्यापासून कागद करायला अजून दीडशे वर्षं अवकाश होता. फाटके सदरे नाहीत तर कागद नाही, असा सरळ हिशेब.

स्वयंसेविका बाह्या वर सारते. लाकडी चौकटीवर तारेची जाळी ताणलेली आहे. ती चौकट ती उभी धरून टाकीत बुडवते, पाण्याखाली आडवी करते आणि सपाट वर उचलते. जाळीतून पाण्याच्या धारा लागतात. पाणी पुरतं निथळायच्या आत ती चौकटीला दोन हिसके देते, एक डावी-उजवीकडे, एक मागे-पुढे. सगळी कारागिरी या दोन हिसक्यांत. तंतू एकमेकांत आडवेतिडवे अडकले तरच कागद धरतो. पाणी निघून गेल्यावर चौकट कितीही हलवली तरी उपयोग नाही. मग ओला थर लोकरीच्या कापडावर उलटा टेकवायचा, त्यावर दुसरं कापड, पुन्हा कागद. थप्पी झाली की दाबयंत्राखाली आणि शेवटी माळ्यावर दोरीवर वाळत.

जाळीवर बारीक तारेची दोन अक्षरं शिवलेली आहेत, ‘डब्ल्यू’ आणि ‘आर’. तारेवर लगदा पातळ बसतो, म्हणून कागद उजेडात धरला की अक्षरं उजळ दिसतात. रिटनहाऊसच्या कागदात अशीच त्याची आद्याक्षरं असत. मुलगा क्लास कामात आल्यावर काही कागदांत ‘के आर’ उमटू लागलं. आपल्याकडे दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात कागद्यांची जाळी गवताच्या काड्यांची असते. तिथल्या कागदाला काड्यांचीच बारीक रेघ. धातूची जाळी आली म्हणूनच कारागिराला कागदाच्या पोटात नाव घालता आलं.

या गिरणीचे व्यवहारही कागदातच चालत. ब्रॅडफर्ड पुढे न्यूयॉर्कला गेला आणि 1697 साली त्यानं आपला हिस्सा रिटनहाऊस बापलेकांना भाड्यानं दिला. भाडं रोख नाही. दरसाल ठरावीक रीम कागद, त्यात छपाईचा, लिहायचा आणि निळा असे प्रकार. पुढे तीन-चार वर्षांत ओढ्याला पूर आला आणि गिरणी गेली. पेन्सिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक खुद्द विल्यम पेननं लोकांना मदतीचं आवाहन केलं आणि 1702 मध्ये गिरणी पुन्हा उभी राहिली. तेव्हा रिटनहाऊसची साठी जवळ आली होती.

आणि याच माणसाला 1698 साली जर्मनटाउनच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीनं आपला धर्मोपदेशक निवडलं होतं. अमेरिकेतला त्यांचा पहिला. त्यासाठी कुठल्या धर्मविद्यालयाची पदवी लागत नव्हती. मंडळीतल्याच माणसाला पुढे करायचं, पगार शून्य, पोटापाण्याचा उद्योग ज्याचा त्यानं बघायचा. इथं मराठी माणसाला सावता माळी आठवणार, मलाही आठवतो. पण ही तुलना फार ताणू नये. सावत्याला कुणी मत देऊन नेमलं नव्हतं. रिटनहाऊसवर पंचांसारखी जबाबदारी होती, आणि तिच्यात एक मोठी अडचण होती. बाप्तिस्मा द्यायचा आणि प्रभुभोजन वाढायचं, तर युरोपातल्या जुन्या मंडळींची संमती असावी, अशी इथल्यांची भावना होती. म्हणून वर्षानुवर्षं उपदेश होत राहिला आणि हे दोन विधी खोळंबले.

आता आम्ही जर्मनटाउन अॅव्हेन्यूवर आलो आहोत. मेनोनाइटांचं समोरचं दगडी मीटिंगहाउस 1770 चं. त्याआधी याच जागी 1708 मध्ये बांधलेलं ओंडक्यांचं घर होतं. आतल्या बाकांवर शोभेचा मागमूस नाही. रिटनहाऊस काय बोलत असेल, याचा अंदाज बांधायला जागा नाही. त्याचं एकही प्रवचन माझ्या वाचनात आलेलं नाही. कागदवाल्याचे शब्द कागदावर उतरले नाहीत, यात मला मात्र काही नवल वाटत नाही. रोज लगदा ढवळणाऱ्याला शाईची हौस असतेच असं नाही.

1708 च्या फेब्रुवारीत तो वारला. मे महिन्यात त्याच मंडळीतल्या याकोब गॉटशाल्कनं जर्मनटाउनात अकरा जणांना बाप्तिस्मा दिला, आणि दोन आठवड्यांनी पहिलं प्रभुभोजन झालं. दहा वर्षं ज्यानं मंडळी सांभाळली, तो तेवढ्या तीन महिन्यांनी चुकला.

क्लासनं गिरणी चालवली आणि तोही उपदेशक झाला. सोयरिकीतल्या विल्यम डिवीझनं 1710 मध्ये जवळच दुसरी कागदगिरणी घातली. विल्यम रिटनहाऊसचा पणतू डेव्हिड 1732 साली त्या ओढ्याकाठच्याच घरात जन्मला. पण तो घड्याळांकडे आणि ताऱ्यांकडे वळला आणि अमेरिकेच्या टांकसाळीचा पहिला संचालक झाला. आमच्यातले निम्मे लोक त्याच्याच नावानं आले आहेत. परतीच्या वाटेवर ते त्यानं पाहिलेल्या शुक्राच्या अधिक्रमणाबद्दल विचारताहेत, आणि सकाळी स्वतः कागद काढलेला एक मुलगा स्वयंसेविकेला म्हणतो, ‘‘यावर पेननं लिहू?’’

‘‘नको, शाई फुटेल. आधी सरस लावावा लागतो,’’ ती सांगते. ‘‘जनावरांच्या कातड्याचा, उकळून. त्याचा वास तुझ्या आईला चालणार नाही.’’