उभ्या गाडीच्या इंजिनातून आवाज येतोय? कोणता आवाज कशाचा, समजून घ्या

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यातलं चिचगड. आजूबाजूला जंगल आणि धानाची शेती. इथून निघताना गाडी सुरू केली आणि इंजिनातून टकटक ऐकू आली, तर पहिला प्रश्न एकच: देवरीपर्यंत गाडी न्यायची की नाही?

गाडी उभी असतानाच आवाज का?

न्यूट्रलमध्ये बहुतेक कारचं इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेतं. ऑइल पंप इंजिनाच्याच जोरावर फिरतो, त्यामुळे तेव्हा ऑइलचा दाबही कमी असतो. शिवाय टायरचा आणि वाऱ्याचा आवाज नसतो. म्हणून वेगात लपणारा बिघाड इथे ऐकू येतो.

कोणता आवाज कशाचा?

- बारीक टकटक: ऑइल कमी झालेलं किंवा टॅपेट सैल. इंजेक्टरची हलकी टिकटिक मात्र नॉर्मल असते.
- चीं-चीं: बेल्ट झिजलेला किंवा सैल.
- पत्र्याची खडखड: सायलेन्सरच्या पाइपवरचं उष्णतारोधक कव्हर ढिलं. खराब रस्त्यांवर हे हमखास होतं.
- थरथर आणि मिसिंग: स्पार्क प्लग, कॉइल किंवा इंजिन माउंट. उंदरांनी वायर कुरतडली तरी हेच होतं.
- सूं-सूं: हवेचा पाइप फाटलेला.
- जड ठक-ठक: आतलं बेअरिंग गेल्याची शक्यता. हा सगळ्यात धोकादायक आवाज.

घरी काय तपासाल?

गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. मग इंजिन सुरू करून एसी चालू-बंद करा. आवाज बदलला तर कॉम्प्रेसर किंवा बेल्ट तपासून घ्या. क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर, आणि दाबल्यावरच आला तर क्लचच्या बेअरिंगवर.

ही तपासणी बंद गॅरेजमध्ये करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो.

मग गाडी न्यायची का?

कव्हर खडखडत असेल, तर सावकाश मेकॅनिकपर्यंत जाता येतं. पण ऑइलचा लाल दिवा लागला किंवा जड ठक-ठक सुरू झाली, तर इंजिन लगेच बंद करा आणि मेकॅनिकलाच बोलवा. तशीच गाडी रेटली तर थोडक्यात आटोपणारं काम अख्खं इंजिन उघडण्यावर जातं. आणि हो, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. मेकॅनिकसमोर गाडी अनेकदा गुपचूप चालते!