चिठ्ठी गेली, तराजू आला!

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका घोषणेवर सही केली आणि इकडे पुणे-हैदराबाद-बंगळूरच्या कित्येक घरांना रात्रभर झोप लागली नाही. एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जासाठी मालकाने एक लाख डॉलर भरावेत, असा तो हुकूम होता. एक लाख डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ८८ लाख रुपये! मोठमोठ्या कंपन्यांनी सुट्टीवर गेलेल्या नोकरांना ताबडतोब परत या म्हणून निरोप धाडले, विमानात बसलेली माणसे खाली उतरली. ही रक्कम फक्त नव्या अर्जांना लागू आहे, जुन्या व्हिसाधारकांना नाही, असा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला. पण तोपर्यंत व्हायची ती धावपळ होऊन गेली होती.

प्रस्थापितांच्या वृत्तपत्रांनी नंतर आठवडाभर अश्रू ढाळले. इथे आरक्षणाचा विषय निघाला की ज्यांना 'मेरिट' आठवते, तेच लोक तिकडे आपल्या मेरिटवर अन्याय झाला म्हणून गळा काढत होते. ते पाहून आमच्यातल्या काही कार्यकर्त्यांना मनातून बरे वाटले असेल. 'त्यांचा प्रश्न त्यांनी पाहावा, आपले प्रश्न गायरानाचे, वसतिगृहाचे, शिष्यवृत्तीचे' असे म्हणणारेही भेटले. ही भूमिका आम्हाला मान्य नाही. का मान्य नाही, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत गेलेला भारतीय समाज बहुतांशी सवर्णांचा आहे, हे खरेच. २००३ सालच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एका पाहणीत तेथील भारतीयांमध्ये दलित व खालच्या मानलेल्या जातींचे प्रमाण जेमतेम दीड टक्का निघाले होते. २०२४ च्या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या एच-१बी अर्जांपैकी ७१ टक्के भारतीयांचे होते. त्यात आपले किती, हे मात्र कोणी मोजत नाही. तरीही गेल्या वीस वर्षांत विदर्भ-मराठवाड्यातली, मुंबईच्या चाळींतली आपली मुले-मुली तिकडे पोहोचली आहेत. त्यांच्या घरात त्यांच्या आधी कोणी पासपोर्ट पाहिलेला नव्हता. जाणारे थोडे आहेत म्हणून त्यांचा प्रश्न छोटा ठरत नाही. दार बंद होते तेव्हा सगळ्यात शेवटी आलेलाच बाहेर राहतो.

आता कायदा काय बदलला ते पाहू. एच-१बी हा व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. वर्षाला ६५ हजार जागा, आणि अमेरिकेतच पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. अर्ज जागांच्या कितीतरी पट येतात, म्हणून सोडत काढली जाई. त्या सोडतीतही लबाड्या झाल्या. एकाच माणसाच्या नावाने अनेक कंपन्या चिठ्ठ्या टाकू लागल्या आणि एका वर्षी पात्र नोंदण्यांचा आकडा साडेसात लाखांवर गेला. २०२४ पासून 'एक माणूस, एक संधी' असा नियम आला, तेव्हा हा आकडा घसरत २०२५ च्या सोडतीत ३ लाख ४४ हजारांच्या आसपास आला. ही सुधारणा योग्यच होती.

पण डिसेंबर २०२५ मध्ये सोडतीचे रूपच बदलणारा नियम जाहीर झाला. २७ फेब्रुवारी २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. या नियमाने पगाराच्या चार पातळ्या धरल्या. पहिल्या पातळीच्या पगाराला एक चिठ्ठी, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. नवशिक्याची निवड होण्याची शक्यता जवळजवळ निम्म्यावर येईल आणि चौथ्या पातळीवाल्याची दुपटीवर जाईल, हा खुद्द तेथील सरकारचाच अंदाज.

वाचकहो, इथे जरा थांबा. चिठ्ठीला जात कळत नाही. चिठ्ठी आडनाव विचारत नाही, बापाचा धंदा विचारत नाही, कोणत्या शाळेत इंग्रजी शिकलास ते विचारत नाही. आंधळ्या नशिबाचा कारभार आम्हाला प्रिय आहे असे नाही. पण ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याला निदान त्या डब्यात इतरांइतकेच वजन होते. आता चिठ्ठीच्या जागी तराजू आला. पगार जास्त तर वजन जास्त. आणि पहिला पगार कशावर ठरतो? हुशारीवर ठरतो, तसाच तो ओळखीवर, कोणत्या कंपनीत कोणाचा मामा आहे यावरही ठरतो. घरातली पहिलीच पिढी शिकलेली मुलगी तिथे बहुधा पहिल्या पातळीवरूनच सुरुवात करणार. कायद्यात जातीचा शब्द नाही, तरी तिला त्यात जातीची किंमत मोजावी लागणार.

एक लाख डॉलरच्या हुकमाचीही एक बाजू नीट समजून घेतली पाहिजे. त्याची मुदत बारा महिन्यांची ठेवलेली होती. त्याविरुद्ध खटले झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका संघीय न्यायालयाने तो वैध ठरवला. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये झालेल्या खुलाशानुसार, अमेरिकेत विद्यार्थी म्हणून आधीच असलेल्या आणि तिथूनच एच-१बीमध्ये बदल मिळवणाऱ्या उमेदवाराला ही रक्कम लागू नाही. याचा अर्थ असा, की भारतातून थेट नोकरीवर जाण्याची वाट महाग झाली आणि शिक्षणाची वाट त्या मानाने उघडी राहिली. मग त्या वाटेने कोण जाऊ शकतो? ज्याच्या घरी विकायला जमीन वा गहाण टाकायला फ्लॅट आहे तो. आणि आपला? आपला फक्त शिष्यवृत्तीवर.

म्हणूनच आम्ही म्हणतो की वॉशिंग्टनचा हुकूम थेट आपल्या समाजकल्याण कार्यालयाच्या टेबलावर येऊन पडतो. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेशी शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ जागा, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. जुलै २०२५ मध्ये या केंद्रीय योजनेत १०६ विद्यार्थी निवडले गेले आणि आरंभी पत्रे दिली फक्त ४० जणांना. बाकीच्यांना 'निधी उपलब्ध झाल्यास' असे कळवण्यात आले! विद्यापीठाचा प्रवेश, व्हिसाची मुलाखत, विमानाचे तिकीट या सगळ्यांच्या तारखा ठरलेल्या असतात. सरकारी फाइलला तारीख नसते. महिनाभर उशिरा मिळालेली शिष्यवृत्ती म्हणजे कित्येकदा न मिळालेलीच शिष्यवृत्ती.

व्हिसाच्या कामकाजातही अडथळे वाढले आहेत. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सूट बहुतेकांची गेली. विद्यार्थ्यांची समाजमाध्यमावरील खाती २०२५ च्या जूनपासून आणि एच-१बीवाल्यांची १५ डिसेंबरपासून तपासली जाऊ लागली. खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवा, असा आदेश आहे. डिसेंबरात भारतातल्या मुलाखती एकाएकी काही महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि चार दिवसांसाठी गावी आलेली माणसे इथेच अडकून पडली. आपली मुले अन्यायावर लिहितात, बोलतात. कोणती ओळ कोणत्या अधिकाऱ्याला खुपेल, ही धास्ती आता त्यांच्या उशाशी आली.

आता दाराच्या आत जाऊ. एच-१बीवाल्याचा मुक्काम मालकाच्या हातात असतो. नोकरी सुटली की साधारण साठ दिवस. तेवढ्यात दुसरा मालक किंवा दुसरा मार्ग सापडला नाही, तर देश सोडायचा. कायमच्या वास्तव्याचे ग्रीन कार्ड हवे, तर तीही मागणी सहसा मालकानेच करायची. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्के. परिणाम असा, की भारतीयांच्या दोन मुख्य रांगांत २०२५ च्या अखेरीस २०१३ साली नंबर लावलेल्यांची पाळी चालू होती. बारा वर्षे! बारा वर्षे ज्या माणसाचे घर, मुलांची शाळा, बायकोचा कामाचा परवाना एका मालकाच्या सहीवर टांगलेला आहे, तो माणूस तोंड उघडेल काय?

आणि तो वरिष्ठ जर इकडचाच, आडनावावरून जात हुंगणारा असेल तर? २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला. दलित अभियंत्याला सवर्ण वरिष्ठांनी डावलले, असा त्यात आरोप होता. त्या दोन वरिष्ठांवरील दावा २०२३ मध्ये मागे घेतला गेला, कंपनीवरील दावा पुढे चालू राहिला. निकाल काहीही लागो, पण त्या दाव्याने एक झाकलेले दार उघडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले आणि राज्यपालांनी ऑक्टोबरात ते नाकारले. व्हिसाचा कायदा आणि जातीचा प्रश्न असे एकमेकांत गुंतलेले आहेत. नोकरी जाण्याच्या भीतीने तक्रार होत नाही आणि तक्रार नाही म्हणून 'इथे जात नाही' असे सांगायला सवर्ण मोकळे!

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचताना, हिंदू जगात जिथे जातील तिथे जात हा जगाचा प्रश्न बनेल, या केतकरांच्या इशाऱ्याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यानंतर सातच वर्षांत त्याचा दाखला मिळाला. १९२३ साली भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नागरिकत्व मागत होते. नागरिकत्व 'गोऱ्यां'ना होते. तेव्हा आपण उच्च जातीचे आर्य आहोत, म्हणून गोरेच, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने झाला. न्यायालयाने तो फेटाळला. उच्च जातीचा दाखला गोऱ्यांच्या दारात कवडीमोल ठरला! पुढे १९४६ साली भारतीयांना वर्षाला १०० जागा आणि नागरिकत्वाचा हक्क मिळाला. खरे दार उघडले ते १९६५ च्या कायद्याने, आणि तो आला काळ्या बांधवांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने तापलेल्या काळात. आज तिकडे सुखाने राहणाऱ्या प्रत्येक भारतीयाने हे ऋण मान्य केले पाहिजे. आपल्या मुलांनी तर ते विसरताच कामा नये.

'सरकारी पैशाने शिकून तिकडेच राहायचे काय?' असा सवाल हमखास येतो. शिष्यवृत्तीची जी अट असेल ती पाळलीच पाहिजे. पण हा सवाल सवर्णांच्या आयआयटीतल्या मुलांना कोणी विचारला नाही, हेही नोंदवून ठेवू. बाबासाहेब तर बडोद्याचा करार पाळण्यासाठी परत आले होते. त्या बडोद्याने त्यांना राहायला खोलीसुद्धा दिली नाही. परतणाऱ्याला मानाने उभे राहू देणारा देश घडवणे, हे त्या सवालाचे खरे उत्तर आहे.

आमचे मागणे थोडके आहे. परदेशी शिष्यवृत्तीची पत्रे विद्यापीठाच्या तारखेआधी हातात पडली पाहिजेत. जिल्ह्याजिल्ह्यात व्हिसाच्या नियमांची खरी माहिती देणारे केंद्र समाजाने उभारावे, म्हणजे दलालांचे फावणार नाही. आणि तिकडच्या आंबेडकरी संघटनांनी नव्याने येणाऱ्या मुलाची पहिली नोकरी, पहिला पगार आणि ते साठ दिवस, ही आपली जबाबदारी मानावी. सवर्णांच्या मुलाला तिकडे मामा असतो. आपल्या मुलाला चळवळ असली पाहिजे.

जयभीम!