पोलंडची व्हिसामाफी आणि तीन टक्क्यांचा उंबरठा

पोलंडने 1991 मध्ये अमेरिकी नागरिकांसाठी व्हिसाची अट काढून टाकली. अमेरिकेने तीच सवलत पोलिश नागरिकांना दिली ती 11 नोव्हेंबर 2019 रोजी. मधल्या 28 वर्षांत शिकागोत वाढलेला नातू नुसते तिकीट काढून क्राकूफला आजीकडे जाऊ शकत होता. आजीला मात्र त्याच्या लग्नाला यायचे तर अर्ज, परत न मिळणारी फी, वकिलातीतली मुलाखत आणि ‘तुम्ही परत जाल कशावरून?’ हा प्रश्न, हे सगळे पार करावे लागे. ही अट उठावी म्हणून अमेरिकेतल्या पोलिश समाजाने अनेक वर्षे पाठपुरावा केला. परदेशी स्थायिक झालेला समाज आपल्या मूळ देशातल्या लोकांसाठी असे काही मागतो, तेव्हा ती मागणी नेमकी कुठे जाते, कुठे अडते आणि कशाने सुटते, हे पोलंडच्या उदाहरणावरून चांगले समजते.

मागणारे कोण?

पोलंडबाहेरच्या पोलिश समाजाला ‘पोलोनिया’ म्हणतात. पोलिश वंशाचे सुमारे 90 लाख लोक अमेरिकेत आहेत. पहिल्या महायुद्धाआधी पोटासाठी आलेले शेतकरी, दुसऱ्या महायुद्धाने देशोधडीला लावलेली कुटुंबे आणि 1980 च्या दशकात ‘सॉलिडॅरिटी’ चळवळ दडपली गेल्यानंतर बाहेर पडलेले लोक, अशा लाटांमधून हा समाज तयार झाला. यातल्या दुसऱ्या लाटेचा एक धागा कोल्हापूरजवळच्या वळिवड्यातून जातो. 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले आणि पुढे त्यांच्यातले अनेक जण जगभर पांगले.

या समाजाची ताकद संख्येइतकीच तो कुठे राहतो यातही आहे. इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या राज्यांत पोलिश मतदार एकगठ्ठा वस्तीने आहेत आणि यांपैकी काही राज्ये अध्यक्षीय निवडणुकीत निकाल फिरवणारी आहेत. ‘पोलिश अमेरिकन काँग्रेस’ ही त्यांची शिखर संघटना 1944 पासून काम करते. त्यामुळे खासदारापर्यंत पोहोचणे त्यांना कधीच अवघड नव्हते. अडचण पुढे होती.

नियम काय सांगतो?

अमेरिकेने 1986 च्या कायद्याने व्हिसामाफीची योजना प्रायोगिक स्वरूपात आणली. 1988 मध्ये ब्रिटन त्यात पहिला आला आणि 2000 मध्ये योजना कायम झाली. यादीतल्या देशाच्या नागरिकाला फिरायला किंवा कामाच्या बैठकांसाठी 90 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येते. नोकरी करता येत नाही आणि मुक्कामही वाढवून मिळत नाही.

देशाला यादीत यायचे तर अटी अनेक आहेत. अमेरिकी नागरिकांना तशीच सवलत हवी, पासपोर्ट इलेक्ट्रॉनिक चिपचे हवेत, हरवलेल्या व चोरीच्या पासपोर्टची माहिती कळवायला हवी, गुन्हेगार व दहशतवादी संशयितांच्या माहितीची देवाणघेवाण हवी. या अटी सरकारला मनावर घेऊन पुऱ्या करता येतात. एक अट मात्र सरकारच्या हातात नसते: त्या देशाच्या नागरिकांचे पर्यटक व व्यावसायिक व्हिसाचे अर्ज नाकारले जाण्याचे प्रमाण तीन टक्क्यांच्या खाली हवे. एखाद्याला आधी नकार आणि त्याच वर्षी नंतर मंजुरी मिळाली, तर तो नकार धरला जात नाही. वर्ष मोजतात ते अमेरिकेचे आर्थिक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर ते सप्टेंबर.

निर्णयाची साखळीही समजून घ्यायला हवी. परराष्ट्रमंत्री देशाचे नाव सुचवतात, अंतर्गत सुरक्षा खाते तपासणी करून मान्यता देते. मर्यादा तीन टक्के ठेवायची की दहा, हे मात्र संसद ठरवते. म्हणजे दारे तीन आणि प्रत्येक दाराशी मागायची गोष्ट वेगळी.

खासदारांमार्फत केलेली खटपट

पोलोनियाने आधी संसदेचे दार ठोठावले. युक्तिवाद जोरकस होता. पोलंड 1999 पासून नाटोत आहे, त्याचे सैनिक इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकेच्या बरोबरीने लढले, मग वागणूक अशी का? पोलिश वंशाच्या सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला.

2007 मध्ये संसदेने खिडकी थोडी उघडली. नकाराचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असलेल्या देशांसाठी तीन टक्क्यांची अट शिथिल करण्याची मुभा मिळाली. नोव्हेंबर 2008 मध्ये चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि लिथुआनिया हे पोलंडचे तीन शेजारी यादीत आले. हंगेरी, एस्टोनिया, लाटव्हिया आणि दक्षिण कोरियाही आले. पोलंडचे प्रमाण त्या वर्षी 13 टक्क्यांच्या पुढे होते, म्हणून तो बाहेरच राहिला. देश सोडून जाणाऱ्या प्रवाशांची बोटांचे ठसे घेऊन नोंद करण्याची यंत्रणा अमेरिकेने वेळेत उभी केली नाही, म्हणून कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे जुलै 2009 मध्ये ही मुभा संपली. पुढच्याच वर्षी पोलंडचे प्रमाण दहाच्या किंचित खाली आले, पण तोवर खिडकी बंद झाली होती.

मर्यादा पुन्हा दहा टक्के करावी म्हणून शिकागोचे खासदार माइक क्विग्ली यांनी विधेयके आणली. 2011 मध्ये वॉर्सात ओबामांनी अशा बदलाला पाठिंबा जाहीर केला. 2013 मध्ये सिनेटने मंजूर केलेल्या मोठ्या स्थलांतर विधेयकात ही तरतूद होती, पण प्रतिनिधिगृहाने ते विधेयक चर्चेलाच घेतले नाही. व्हिसामाफीला फारसा कोणाचा विरोध नव्हता, पण ती ज्या गाडीला जोडली होती, ती गाडीच हलली नाही.

मग प्रमाण उतरले कसे?

नकार मिळत होते त्याचे कारण पोलोनियाच्या इतिहासातच होते. पर्यटक म्हणून यायचे आणि शिकागोत बांधकामावर किंवा घरकामाला राहायचे, हा मार्ग 1980-90 च्या दशकांत रुळलेला होता. अमेरिकी कायदा पर्यटक व्हिसा मागणाऱ्याला कायमचा राहायला येणारा मानूनच सुरुवात करतो. तसे नाही हे अर्जदाराने पटवायचे असते. त्यातून ज्याचे नातलग आधीच मुदत उलटून तिथे राहिले आहेत, त्याच्यावर अधिकाऱ्याचा विश्वास बसणे आणखी कठीण.

2004 मध्ये पोलंड युरोपीय संघात आला आणि ब्रिटन व आयर्लंडने पोलिश कामगारांना लगेच दारे उघडली. लंडन-डब्लिनला कायदेशीर काम मिळत असताना अमेरिकेत लपून राबायची गरज उरली नाही. पोलंडमधले पगारही वाढत गेले. हळूहळू नकार कमी झाले आणि 2018 मध्ये प्रमाण चार टक्क्यांवर आले.

उरलेल्या एका टक्क्यासाठी लोकांनाच हाक दिली गेली. वॉर्सातल्या अमेरिकी राजदूत जॉर्जेट मॉसबाकर यांनी पोलिश नागरिकांना व्हिसासाठी अर्ज करण्याचे जाहीर आवाहन केले. हिशेब साधा आहे. शंभर अर्जांत पाच नकार असले तर प्रमाण पाच टक्के. त्यात हमखास मंजुरी मिळेल असे आणखी शंभर जण आले, तर तेच पाच नकार अडीच टक्के होतात. 2019 चे प्रमाण 2.8 टक्क्यांच्या आसपास भरले. व्हिसामाफी लागू झाली ती पोलंडच्या स्वातंत्र्यदिनी. आता पोलिश प्रवाशाला मुलाखतीऐवजी ऑनलाइन पूर्वपरवानगी पुरते. तेव्हा तिची फी 14 डॉलर होती, व्हिसाची 160.

यातून काय घ्यायचे?

समाजाच्या चळवळीने विषय जिवंत ठेवला, राष्ट्राध्यक्षांना त्यावर बोलायला भाग पाडले आणि वेळ आली तेव्हा एक दिवसही वाया जाऊ दिला नाही. आकडा मात्र मुख्यतः अर्थव्यवस्थेने उतरवला. मैत्रीची भाषा संसदेत चालते. टक्केवारीसमोर तिचा उपयोग नसतो. शिवाय मिळालेले टिकेलच असेही नाही. आर्थिक संकटानंतर 2002 मध्ये अर्जेंटिना आणि 2003 मध्ये उरुग्वे यादीतून वगळले गेले. रुमानियाला जानेवारी 2025 मध्ये मिळालेली मान्यता अंमलात येण्याआधीच त्या वर्षी मे महिन्यात मागे घेतली गेली.

भारत या यादीत नाही. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या आईवडिलांची तक्रार बहुतेक वेळा वेगळी असते: मुलाखतीची तारीखच मिळत नाही. 2022 च्या अखेरीस ती प्रतीक्षा 500 दिवसांच्या पुढे गेली होती. तिच्यावरचा उपाय वकिलातीत कर्मचारी वाढवणे आणि जुन्या व्हिसाधारकांना मुलाखतीतून सूट देणे हा आहे. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, परराष्ट्र खात्याच्या पातळीवर तो होऊ शकतो. व्हिसामाफी मागायची तर संसद आणि तीन टक्के. तारखा लवकर हव्यात तर परराष्ट्र खाते. अमेरिकेतल्या आपल्या मंडळांनी निवेदन लिहिण्याआधी ते कोणत्या दाराशी न्यायचे, एवढे ठरवले तरी पोलोनियाची काही वर्षे ज्यात गेली, तो वळसा त्यांना टाळता येईल.