पानथरी कां वाढते?

हिवतापानें आजारी पडलेल्या मुलाच्या डाव्या बरगडीखालीं डॉक्टर बोटें दाबून पाहतात, हें पुष्कळ पालकांनीं पाहिलें असेल. तेथें पानथरी असते. ती कां वाढते, याचा आपण थोडा विचार करूं.

१८८० सालीं अल्जीरियांत लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरांनीं हिवतापाचे जंतु रोग्याच्या रक्तांत पाहिले. हे जंतु तांबड्या पेशींत शिरून तेथेंच वाढतात. घरांत लपलेला चोर ओळखावा कसा? चोर शिरला कीं घराचें रूप पालटतें. पेशी ताठर होते व तिच्यावर परकीं द्रव्यें उमटतात. पूर्वीं हिवताप भोगलेल्यांच्या रक्तांत त्या द्रव्यांस नेमके चिकटणारे प्रतिपिंड नांवाचे पदार्थ असतात. ताठर पेशी पानथरीच्या अरुंद वाटांत अडकते. तेथील भक्षक पेशी प्रतिपिंडांची खूण ओळखून तिला जंतूंसकट गिळतात व पचवितात. या कामाचा भार वाढला म्हणजे पानथरीही वाढते.

परंतु फाल्सिपेरम जातीचा जंतु फार धूर्त. त्यानें ग्रासलेली पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींस चिकटून बसते व पानथरीची वाट चुकविते. मेंदूंत असें झाल्यास जिवावर बेततें. लहान मुलांच्या रक्तांत प्रतिपिंड पुरेसे नसतात, म्हणून त्यांस धोका अधिक. तेव्हां शरीराच्या पहारेकऱ्यांवरच भिस्त न ठेवतां, ताप येतांच रक्त तपासून घ्यावें व औषध अर्धवट सोडूं नये, इतकेंच आम्हांस सांगावयाचें आहे.